दणकट लॅपटॉपचं वय

जुन्या बाजारात दणकट लॅपटॉप विकायला आला की गिऱ्हाईक आधी त्याचं अंग न्याहाळतं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच, उचलायला मूठ, प्रत्येक पोर्टवर झडप, कोपऱ्यांना रबर. पॅनासॉनिकने 1996 साली ‘टफबुक’ या नावाने अशी यंत्रं बाजारात आणली. तैवानची गेटॅक आणि अमेरिकेची डेल याही कंपन्या या धंद्यात आहेत. अमेरिकेतल्या पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका, वीज आणि टेलिफोन कंपन्यांची दुरुस्ती पथकं, लष्कराची वर्कशॉप हे त्यांचे मूळ ग्राहक. तिथली सेवा संपली की ही यंत्रं घाऊक भावाने निघतात आणि मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात सर्वेअर, गॅरेजवाले, हौशी रेडिओ चालवणारे, कारखान्यातले मेन्टेनन्सचे लोक यांच्या हाती येतात. जुनं सीएनसी मशीन किंवा पीएलसी सांभाळणाऱ्याला आणखी एक लोभ असतो. साध्या लॅपटॉपवरून केव्हाच नाहीसं झालेलं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट यांच्यावर अजून मिळतं.

मग एके दिवशी यंत्र सुरूच होत नाही, आणि मालकाचा तर्क ठरलेल्या वाटेने जातो. एवढं मजबूत यंत्र बंद पडलं, त्या अर्थी आत काहीतरी मोठंच मोडलं असणार. बोर्ड गेला असणार. दुकानातही पुष्कळदा हाच निकाल मिळतो आणि यंत्र भंगारात जातं. हा तर्क मुळातच उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. दणकट कवच अपघातापासून वाचवतं. वयावर त्याचा इलाज चालत नाही. किंबहुना पडण्या-आपटण्यातून वाचत गेल्यामुळेच हे यंत्र साध्या लॅपटॉपपेक्षा जास्त वर्षं वापरात राहतं, आणि म्हणून म्हातारपणाचे आजार त्यात अधिक दिसतात. बिघाड शोधायला बसताना पहिला संशय वयाचा घ्यावा. झिजणाऱ्या, स्वस्त, सहज बदलता येणाऱ्या भागांपासून सुरुवात करावी आणि महागड्या बोर्डापर्यंत सगळ्यात शेवटी पोचावं.

हे पटण्यासाठी दणकटपणाचा दाखला नेमकं काय सांगतो ते पाहायला हवं. जाहिरातीत ज्याचा उल्लेख असतो तो ‘मिल-एसटीडी-810’ हा अमेरिकी संरक्षण खात्याचा मानक दस्तऐवज 1962 पासून चालत आलेला आहे. 2008 ची ‘जी’ आणि 2019 ची ‘एच’ या त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या. त्यातली पडण्याची प्रसिद्ध चाचणी अशी: काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवूडवर यंत्र 122 सेंटिमीटरवरून, सगळ्या बाजू, कडा आणि कोपरे धरून एकूण 26 वेळा टाकायचं. हे 26 आघात एकाच नगाने सोसले पाहिजेत असंही बंधन नाही. पाच नगांपर्यंत ते वाटून घेता येतात. अमेरिकी सरकार कोणत्याही लॅपटॉपला याचं प्रमाणपत्र देत नाही; चाचण्या उत्पादक स्वतः करतो किंवा खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतो. कंप, दमट हवा, खारट धुकं यांच्याही चाचण्या त्यात आहेत, पण त्या काही तासांच्या किंवा दिवसांच्या आणि कोऱ्या यंत्रावरच्या. ‘आयपी65’ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसला जाईल. हा दर्जाही साधारणपणे झडपा नीट बंद असताना मिळवलेला असतो. आठ-दहा वर्षं वापरल्यावर रबरी पॅकिंग दबून कडक झालेलं, झडपांच्या बिजागऱ्या ढिल्या पडलेल्या आणि एखादी झडप हरवलेली असेल, तर तो दर्जा कागदावरच उरतो. आणि कवचाच्या आत काय असतं? इंटेलचा प्रोसेसर, नेहमीची रॅम, नेहमीची अडीच इंची डिस्क, नेहमीचे लिथियम-आयनचे सेल. ते इतर कुठल्याही लॅपटॉपइतक्याच वेगाने म्हातारे होतात.

तेव्हा तपासणी विजेपासून सुरू करावी, आणि त्यातही अडॅप्टरपासून. जुन्या बाजारातलं यंत्र बहुधा मूळ अडॅप्टर सोबत घेऊन येत नाही. विक्रेता हाताला लागेल तो देतो. बहुतेक लॅपटॉपांचे अडॅप्टर 19 ते 20 व्होल्टचे असतात, टफबुकच्या अडॅप्टरवर मात्र 15.6 किंवा 16 व्होल्ट लिहिलेलं सापडतं. पिन बसली म्हणजे दाब जुळला असं होत नाही, म्हणून यंत्राच्या तळावरचा आकडा आणि अडॅप्टरवरचा आकडा शेजारी ठेवून वाचावा; अँपिअर मात्र यंत्राच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त असले तर चालतात. मल्टिमीटरने मोकळ्या अडॅप्टरचा दाब मोजला आणि तो बरोबर आला, एवढ्यावर त्याला निर्दोष ठरवू नये. थकलेला अडॅप्टर मोकळा असताना पूर्ण दाब दाखवतो आणि भार पडला की बसतो. यंत्राचा दिवा लागतो, पंखा क्षणभर फिरतो आणि सगळं विझतं, हे लक्षण पाहून लोक बोर्डाला दोष देतात. खात्रीच्या दुसऱ्या अडॅप्टरवर ते पाच मिनिटांत निकालात निघतं. डेलच्या गोल पिनेच्या अडॅप्टरांची तऱ्हा आणखी वेगळी. मधली बारीक पिन अडॅप्टरची ओळख यंत्राला सांगते. ती वाकली किंवा तिची तार आत तुटली, तर यंत्र चालू राहतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम संथ चालवला जातो. वरून पाहणाऱ्याला एकाच वेळी दोन बिघाड दिसतात, आणि कारण एका केसाएवढ्या तारेत असतं.

बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयनचा सेल वापरला नाही तरी कालांतराने क्षमता गमावतो. लिलावाच्या गोदामात महिनोन्महिने पडून राहिलेल्या बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली उतरला, की आतलं संरक्षक सर्किट ती बंद करून टाकतं, आणि मग चार्जर कितीही वेळ लावून ठेवला तरी उपयोग नसतो. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढायची सोय आहे. त्यात कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आजची क्षमता समोरासमोर दिसतात. दोन्हींत निम्म्याहून जास्त तफावत असेल, तर ‘अचानक बंद पडतो’ या तक्रारीचं उत्तर तिथेच मिळण्याचा संभव मोठा आहे. दणकट लॅपटॉपांची एक सोय अशी की बहुतेकांची बॅटरी बाहेरून काढता येते. ती काढावी, अडॅप्टरही काढावा, चालू करण्याचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं, मग फक्त अडॅप्टरवर यंत्र सुरू करून पाहावं. फुकटचा उपाय आहे, आणि त्यातून बॅटरी दोषी की बाकीचं यंत्र, हेही कळतं. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र प्रयोग तिथेच थांबवावेत. तिला टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये.

वयाचा सगळ्यात फसवा दोष बटणाएवढ्या 3 व्होल्टच्या सेलमध्ये असतो. यंत्र बंद असताना घड्याळ आणि काही मूलभूत नोंदी जपायचं काम त्याचं. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत यंत्राच्या तारखेशी ताडून पाहिली जाते. मालक नेटवर्क कार्ड बदलायच्या गोष्टी करू लागतो, आणि काम असतं एका स्वस्त सेलचं. जीपीएस असलेल्या यंत्रात याचा चुलतभाऊ भेटतो. जीपीएसचे उपग्रह आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत पाठवत आले आहेत, म्हणून तो 1024 आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असं 1999 च्या ऑगस्टमध्ये झालं आणि 2019 च्या एप्रिलमध्ये पुन्हा झालं. ज्या जुन्या रिसीव्हरना हे फिरलेलं चक्र कळत नाही, ते जागा बरोबर दाखवतात आणि तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची देतात. अँटेना, तारा, मॉड्यूल बदलून हा दोष जाणार नाही; तो रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. अशा यंत्रावर सर्व्हेचं काम करणाऱ्याने नोंदींच्या तारखा एकदा तपासून घ्याव्यात.

डिस्कबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दणकटपणावरचा विश्वास इथे सगळ्यात महाग पडतो. टफबुकमध्ये डिस्क धक्के शोषणाऱ्या मऊ आवरणात बसवलेली असते आणि थंड प्रदेशासाठी काही मॉडेलांत तिला गरम करणारी सोयही असते. ही सगळी व्यवस्था धक्क्याची आणि थंडीची. फिरणाऱ्या डिस्कचं झिजणं त्यामुळे थांबत नाही. गूगलच्या संशोधकांनी 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक निष्कर्ष असा, की पहिली स्कॅन एरर नोंदली गेल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी नोंद नसलेल्या डिस्कच्या 39 पट होती. आणि दुसरा याहून महत्त्वाचा: बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी ‘स्मार्ट’ या स्वयंतपासणीच्या सगळ्यात भरवशाच्या चार नोंदींत आधी काहीच इशारा दिला नव्हता. म्हणजे स्मार्टचा अहवाल वाईट आला तर डिस्क ताबडतोब बदलावी, आणि चांगला आला तरी तिच्यावर विसंबू नये. डिस्क किती तास चालली हे त्याच अहवालात कळतं. वीस-तीस हजार तासांचा आकडा दिसला तर पुढचा विचार करायला नको. एसएसडी टाकणं हा उत्तम उपाय आहे, पण इथे एक खाच आहे. या लॅपटॉपांत डिस्क थेट बोर्डाला न जोडता तिच्या कॅडीतल्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खोक्यातल्या, लवचिक पट्टीच्या कनेक्टरमार्फत जोडलेली असते. ही पट्टी वर्षानुवर्षं काढ-घाल करून थकते, आणि मग नवी डिस्कसुद्धा दिसेनाशी होते. नवी डिस्क ओळखली जात नाही म्हणून बोर्ड बाद ठरवण्याआधी दुसऱ्या कॅडीत घालून पाहावी. रॅमची तपासणी त्यामानाने सोपी आहे: ‘मेमटेस्ट86’सारखा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा, आणि एकही चूक निघाली तर पट्टी काढून, संपर्क पुसून, एकेक पट्टी वेगळी तपासावी.

उष्णतेच्या बाबतीत कवच मदतीला येण्याऐवजी आडवंही येतं. धूळ आणि पाणी आत जाऊ द्यायचं नाही, तर हवाही मोकळी खेळवता येत नाही. म्हणून टफबुकच्या काही जुन्या मॉडेलांत पंखाच नाही, प्रोसेसरची उष्णता धातूच्या कवचात उतरवून बाहेर टाकली जाते. या वाटेवर थर्मल पेस्ट आणि मऊ पॅड असतात. पेस्ट वर्षांनी वाळते, आणि आधीच्या कुणा कारागिराने यंत्र उघडून पॅड परत बसवला नसेल तर ती वाट तुटलेलीच असते. लक्षण ठरलेलं: यंत्र थंड असताना ठीक चालतं, वीस मिनिटांनी रखडू लागतं, कामाचा जोर वाढला की बंद होतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा निमूट सुरू होतं. वेळेशी बांधलेला बिघाड दिसला की तापमान मोजावं. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात जाताना दिसला तर पेस्ट आणि पॅड बदलण्याआधी दुसऱ्या कशालाही हात लावू नये.

पडद्याचं निदान करायला एक बाहेरचा मॉनिटर आणि एक टॉर्च पुरते. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ असेल तर बोर्ड आणि ग्राफिक्स सुटले. दोष पडद्यात, त्याच्या तारेत किंवा मागच्या उजेडात. अंधाऱ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारल्यावर पुसटसं चित्र दिसलं तर गेलाय तो फक्त उजेड. टफबुकच्या सीएफ-19 सारख्या यंत्रात पडदा फिरवून पाटीसारखा मिटता येतो. तिथे तार प्रत्येक वेळी पिळली जाते, आणि पडदा एका विशिष्ट कोनात आल्यावरच चित्र तुटत असेल तर तार ओळखावी. टचस्क्रीन आपोआप दाबली जात असल्यासारखी वागली तर कडेच्या पट्टीखाली साचलेला कचरा काढावा आणि कॅलिब्रेशन पुन्हा करावं. वायफाय दिसत नसेल तर आधी अंगावरचा सरकता स्विच पाहावा.

यंत्र सुरू होत असेल, तर या सगळ्याआधी एक काम करायला हवं, आणि तेच सर्रास राहून जातं: दोष हार्डवेअरचा आहे की सॉफ्टवेअरचा, हे ठरवणं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं की डिस्कवरची व्यवस्था बाजूला राहते. तिथे टच, आवाज, वायफाय, पोर्ट नीट चालले, तर भाग शाबूत आहेत आणि विंडोजमध्ये ड्रायव्हर नाहीत. या यंत्रांच्या खास बटणांना आणि टचला उत्पादकाचे स्वतःचे ड्रायव्हर लागतात. विक्रेत्याने घाईघाईत विंडोज टाकताना ते गाळलेले असतात. टफबुकच्या बायोसमध्ये स्वतंत्र तपासणीचा कार्यक्रमही असतो, तो चालवावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अडॅप्टर, रॅम आणि डिस्क एकदम बदलून यंत्र सुरू झालं, तर कशामुळे झालं हे कळत नाही, आणि तोच दोष परतला की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की पोलिसांच्या गाडीत किंवा खाणीत राबलेलं यंत्र खरोखर आपटलेलं, भिजलेलं असू शकतं. मग अपघाताचा संशय शेवटी का ठेवायचा? आक्षेपात तथ्य आहे. भिजण्याच्या खुणा आधीच पाहाव्यात: कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, स्क्रूंना गंज, बॅटरीच्या खणात डाग. मुंबईत किंवा कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर वापरलेल्या, पॅकिंग थकलेल्या यंत्रात खारी दमट हवा हे काम पाणी न सांडताही करते. पण अपघाताच्या खुणा डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या पाहायला पाच मिनिटं पुरतात. न दिसणारा अपघात गृहीत धरून बोर्ड बदलणं ही वेगळी गोष्ट आहे. गाडीत बसवलेल्या यंत्राला वर्षानुवर्षं बसलेला कंप हाही मला वयाचाच भाग वाटतो. त्याने ढिले होतात ते कनेक्टर, तळाचे डॉकिंगचे संपर्क आणि स्क्रू, आणि हे सगळं नीट बसवता येतं.

दुसरा आक्षेप: उघडलं की जलरोधकपणा जातो, मग उघडायचंच कशाला? जुन्या यंत्राचा जलरोधकपणा विकत घेतानाच शंकास्पद असतो. तो आहे असं समजून यंत्र पावसात नेणं हीच मोठी जोखीम. उघडताना पॅकिंग न ताणता काढावं, स्क्रूंच्या लांबीप्रमाणे जागा लिहून ठेवाव्यात, परत बसवताना पॅकिंगवर केस किंवा कण राहू देऊ नये, आणि त्यानंतर यंत्र धुळीत वापरावं, पाण्यापासून मात्र साध्या लॅपटॉपसारखंच जपावं.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो सगळ्यात वजनदार आहे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. मग दहा वर्षांच्या यंत्रावर खर्च का करायचा? रोजच्या बँकिंगसाठी आणि ऑफिसच्या कामासाठी करू नये, हे मला मान्य आहे. पण इंटरनेटपासून दूर ठेवून सिरियल पोर्टवरून मशीन चालवायला, गाडीची तपासणी करायला किंवा लिनक्सवर शेतात-रानात नोंदी घ्यायला हीच यंत्रं अजून उत्तम आहेत, आणि वर सांगितलेले बहुतेक भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन थोडक्यात मिळतात. सेल, पेस्ट, अडॅप्टर आणि लहानशी एसएसडी यांचा खर्च नव्या दणकट लॅपटॉपच्या किमतीपुढे नगण्य आहे. बोर्डावरच गंज चढलेला असेल, तर मात्र मोह सोडावा. तो गंज एका जागी साफ केला तरी दुसरीकडे डोकं काढतो. तेव्हा त्या यंत्राची कॅडी, पडदा, झडपा, कीबोर्ड काढून ठेवावेत, कारण पुढच्या यंत्राला तेच लागणार आहेत, आणि बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्यावी.

एक दोष असा आहे की तो वयाचाही नाही, अपघाताचाही नाही आणि सहजी दुरुस्तही होत नाही. जुन्या मालक संस्थेने बायोसला सुपरवायझर पासवर्ड घातलेला असतो, आणि टफबुकमध्ये तो बटणाचा सेल काढून पुसला जात नाही; वेगळ्या चिपमध्ये कायम राहतो. चोरीविरोधी सेवाही काही यंत्रांच्या बायोसमध्ये जिवंत असते. त्यामुळे पैसे मोजण्याआधी विक्रेत्यासमोरच यंत्र सुरू करून बायोसच्या सेटिंगमध्ये शिरून पाहा, पेनड्राइव्हवरून ते सुरू होतं का हे तपासा, आणि अर्धा तास जोराचं काम देऊन तापमान व बॅटरी बघा. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर कवच कितीही मजबूत दिसो, ते यंत्र घेऊ नका.